थुंकी कुणाची

ओपीडीत शिरलं की समोरच्याच भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘आधी जुळ्याला, मग रुग्णाला’. खाली दोन हसऱ्या दाढा, एकमेकींच्या गळ्यात हात टाकलेल्या. दाढांना हात कुठून आले हे कुणी कधी विचारलं नाही. तसंही त्या डेंटल कॉलेजात विचारणं हा प्रकारच हळूहळू बंद पडला होता.

जाई टेकाळे विचारायची. इंटर्नशिप संपत आली होती आणि या खोडीपायी तिच्या नावावर दोन ‘अवज्ञा’ लागल्या होत्या. अवज्ञा म्हणजे जुळ्यानं सांगितलेला डोस नाकारणं. तिसरी लागली की इंटर्नशिप रद्द, अख्खं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. घरी तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. आईनं मात्र गल्लीभर सांगून ठेवलं होतं, आमची जाई दिवाळीनंतर डॉक्टर.

आता हा जुळा काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं.

सरकारनं गावोगाव शिबिरं घेतली आणि लोकांची थुंकी नळ्यांत गोळा केली. थुंकीत आपल्या पेशी असतात, पेशींत जनुकं. ती वाचून संगणकात प्रत्येकाचा एक जोडीदार उभा केला. त्याला लिव्हर आहे, किडन्या आहेत, रक्त आहे, फक्त अंग नाही. कुठलंही औषध आधी त्याला टोचायचं. औषध रक्तात किती चढेल, किती टिकेल, कधी उतरेल, हा दिवसभराचा खेळ तो पापणी लवायच्या आत खेळून दाखवतो. जुळा जगला तर खुर्चीशेजारचं औषधाचं कपाट उघडतं. मेला तर उघडत नाही.

आणि हे चांगलंच होतं, यात वाद नाही. कारण डोस ही भलती नाजूक गोष्ट. प्रत्येक औषधाला खाली एक रेघ असते आणि वर एक. खालच्या रेघेपर्यंत पोचलं नाही तर औषध घेऊन न घेतल्यासारखं. वरची ओलांडली तर तेच औषध जिवावर उठतं. मधली पट्टी काही औषधांची मैदानाएवढी रुंद असते, काहींची विहिरीच्या काठाएवढी. काठाएवढ्या पट्टीची औषधं पूर्वी डॉक्टर हातात घ्यायला घाबरायचे. जुळा आला आणि ती सगळी परत आली.

सोमाडोन त्यातलंच. दुखण्यावर जालीम. गंमत अशी की सोमाडोन स्वतः काहीच करत नाही. लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याला छाटून त्याचं खरं औषध बनवतं. हे एन्झाइम कुणाचं आळशी असतं, कुणाचं झपाटलेलं. आळशी असेल तर नेहमीच्या डोसानं दात ठणकायचा थांबत नाही, म्हणून त्या माणसाला डोस मोठा. झपाटलेलं असेल तर तोच मोठा डोस भराभर कामाला लागतो, माणूस झोपतो आणि झोपेत श्वास घ्यायचं विसरतो. तोंडाकडं बघून यातलं काही कळत नाही. जुळ्याला कळतं.

त्या मंगळवारी माळेवाडीची गिरजाबाई आली. उंच, काटकुळी, आणि उजवा गाल असा सुजलेला की डोळा निम्मा मिटलेला. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. बरोबर तिची थोरली जाऊ, कौसाबाई. तिला बाहेर बाकावर बसवलं होतं.

“खालची दाढ, मुळाशी पू,” जाईचा जोडीदार इंटर्न मोहसीन स्क्रीन बघत म्हणाला. “आजच काढायची. आणखी थांबलो तर सूज गळ्यात उतरेल. एन्झाइम आळशी, सोमाडोनचा मोठा डोस, शिरेतून. जुळी ठणठणीत आहे. कपाट उघडलं बघ. टोच.”

जाईनं आरसा आत घातला. दाढ सडलेलीच होती. पण तिची नजर हिरडीवर अडली. आतल्या बाजूनं तंबाखूची काळपट कड होती. ही कड जाईला घरबसल्या पाठ होती.

“मावशी, मिश्री किती वेळा लावता?”

“म्या? छ्या. म्या न्हाई लावत.”

“माझी आईपण नाही लावत. डबी नुसती फ्रिजच्या मागं ठेवते.”

गिरजाबाई अर्ध्या तोंडानं हसली आणि लगेच कळवळून गाल धरला. “सकाळी लावते. अन् जेवल्यावर. अन् मग आली तल्लफ की.”

“आणि न लावता राहिलात तर?”

“डोकं उठतंय माय. काहीच सुधरत न्हाई.”

मोहसीननं घड्याळाकडं बोट केलं. जुळा आल्यापासून एका रुग्णाला किती वेळ हे ठरलेलं होतं, आणि त्या वेळात गप्पा धरलेल्या नव्हत्या. जाईनं तिकडं बघितलंच नाही.

“याआधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय का?”

“न्हाई बाई.” मग जरा थांबून, “एकदा झालता गमतीचा, वीस वर्सं झाली. धाकट्याचं बारसं होतं अन् मला कोरडा खोकला. डाक्टरनं गोड बाटली दिली. दोन चमचे घेतले अन् जी झोपले, ते बारसं माझ्याबिगरच झालं. जावेनं तोंडावर पाणी मारमारून उठिवलं. ओठ निळे पडलते म्हनं. अजून हसतेत मला.”

जाईचा आरसा हातातच राहिला. कोरड्या खोकल्याच्या जुन्या बाटल्यांत कोडीन असायचं. कोडीनलासुद्धा तेच एन्झाइम लागतं, सोमाडोनला लागतं तेच. ते आळशी असलेल्या बाईला त्या दोन चमच्यांनी जांभईसुद्धा आली नसती. ही निळी पडली होती.

“मोहसीन, हिचं एन्झाइम झपाटलेलं आहे.”

“स्क्रीनवर आळशी लिहिलंय की गं.”

“स्क्रीन बारशाला नव्हता.”

“दमली असेल. बारशाच्या घरात कोण दमत नाही?” मग त्यानं आवाज खाली आणला. “जाई, तिसरी आहे ही. अक्कल चालव. दोन महिने गप बस आणि मग जन्मभर विचारत बस.”

तेवढ्यात पटवारी सर आलेच. कपाट उघडूनही कुणी औषध घेतलं नाही की त्यांच्या मोबाइलवर सूचना जायची. डॉक्टर पटवारी कॉलेजातल्या जुळ्याच्या विभागाचे प्रमुख. पण त्याआधी ते औषधशास्त्र शिकवायचे, आणि जाईच्या बॅचला दुसऱ्या वर्षी त्यांनीच शिकवलं होतं. पहिल्याच तासाला म्हणाले होते, “औषध देण्याआधी तोंड उघडा. रुग्णाचं नंतर, आधी तुमचं. विचारा.” जाई तेव्हापासून विचारत होती. सर मधेच कधीतरी थांबले होते.

“टेकाळे, काय अडलंय?”

“सर, मी सोमाडोन देणार नाही.” तिनं बारशाची गोष्ट सांगितली.

सरांनी शांतपणे ऐकून घेतली. “त्या बाटलीत कोडीन होतं हे तिला माहीत आहे?”

“नाही.”

“तुला?”

“नाही. पण—”

“म्हणजे एका पारड्यात बाईची जनुकं आणि दुसऱ्या पारड्यात वीस वर्षांपूर्वीचं बारसं.”

सरांचं बोलणं खोटं नव्हतं.

सर तिला खिडकीशी घेऊन गेले. “मी विचारलं होतं गं एकाला. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? नाही म्हणाला. पेनिसिलिन दिलं. बायको बाहेर बसलेली, तिला माहीत होतं. आत बोलवेपर्यंत उशीर झाला होता.” त्यांनी चष्मा काढून पुसला, चष्मा स्वच्छच होता. “माणसं लाजतात, विसरतात, खोटं बोलतात. थुंकी खोटं बोलत नाही.”

त्या गोष्टीतलं एक वाक्य जाईच्या डोक्यात अडकून बसलं. बायको बाहेर बसली होती.

ती तडक दाराबाहेर गेली. कौसाबाई बाकावर मांडी घालून बसली होती. बुटकी, गोल, तोंडात चकचकीत कवळी.

“मावशी, शिबिरात थुंकी दिली तेव्हा गिरजामावशींबरोबर तुम्ही होता का?”

“होते की! म्याच दिली.”

“तुमची.”

“माझी, अन् तिची बी.”

पाठोपाठ आलेले पटवारी सर दारातच थांबले.

“तिची तुम्ही कशी दिली?” जाईनं अगदी सावकाश विचारलं.

“आता काय सांगू माय. शिबिराचा साहेब म्हनला, मिश्रीची थुंकी चालत न्हाई. चूळ भरा, तासभर थांबा, मग या. सोयाबीन काढायला आलेलं, कोन थांबतंय तासभर? अन् चारचौघांत म्हनायचं कसं, की बाबा मी मिश्री लावते? दीर बसलेले, पाव्हणे बसलेले. माझे दात पडले तवाच मी मिश्री सोडली. म्हनलं आणा गं नळ्या इकडं. एका घरातल्याच तर हाव. थुंकीत काय सोनं असतंय?”

“अजून कुणाच्या नळ्या होत्या?”

“हिची, सखूची, पारूची, वरल्या आळीच्या बायांची.” कौसाबाईनं हात उडवला. “तोंड कोरडं पडलं माझं. शेवटी लिंबू चोखायला दिलं तवा भागलं.”

आतून मोहसीनचा आवाज आला. “जाई, इकडं ये. इकडं ये आधी.”

स्क्रीनवर गिरजाबाईची नोंद उघडी होती आणि शेजारी कौसाबाईची. एकाच थुंकीवर दोन नावं आली तेव्हा संगणक अडला असणार आणि त्यानं विचारलं असणार, या जुळ्या बहिणी आहेत का? शिबिरात कुणीतरी ‘होय’वर बोट ठेवून मोकळं झालं होतं.

मोहसीननं खुर्चीतल्या गिरजाबाईकडं बघितलं, मग दारातल्या कौसाबाईकडं. “ही खांबासारखी, ती पोत्यासारखी. म्हणे सारख्या जुळ्या.”

“माळेवाडीत अशा किती आहेत?”

त्यानं बोट फिरवलं, फिरवतच राहिला. “गावातल्या बायका सगळ्या एका दिवशी जन्मल्यात बघ.”

जाई सरांकडं वळली. “थुंकी खोटं बोलत नाही सर. पण ती कुणाची आहे, हे ती सांगत नाही. ते तोंडालाच विचारावं लागतं.”

सर स्टुलावर बसले. दोन्ही नोंदी वाचल्या, पुन्हा वाचल्या. जाईला वाटलं, झालं, पटलं.

“दार लाव,” ते म्हणाले. आवाज थकलेला होता. “रुग्णानं उपचार नाकारले असं टाक. मी या बाईला माझ्या गाडीतून जिल्हा रुग्णालयात घेऊन जातो. तुझ्या दोन्ही अवज्ञा मी काढून टाकतो. आत्ता, तुझ्यासमोर.”

“आणि पारूबाई? सखूबाई?”

“वर कळवतो. समिती बसेल.”

“समिती उठेपर्यंत कुणाची दाढ दुखली तर?”

“टेकाळे!” पहिल्यांदाच ते ओरडले. “या जुळ्यानं किती जीव वाचवलेत, कल्पना आहे का तुला? हे बाहेर फुटलं तर उद्या सगळे म्हणतील जुळा खोटा. परत अंदाजानं डोस. परत कुणीतरी माझ्यासारखा...”

“जुळा खोटा आहे असं मी म्हणतच नाही सर. पण तो ज्याच्या नावावर आहे त्याला एकदा विचारा, एवढंच. तुम्हीच शिकवलंत.”

“तो काळ वेगळा होता.”

“तोंडं तीच आहेत.”

खुर्चीतून गिरजाबाई म्हणाली, “भांडा बाबा तुमी सावकाश. पर ह्या दाढंला कुनीतरी बघा.”

जाईनं स्क्रीनवरचं लाल बटण दाबलं. ‘डोस नाकारला.’ खाली चौकोन उघडला, ‘अवज्ञेचं कारण लिहा’, आणि त्यात एक रेघ लुकलुकायला लागली. कपाट खटकन बंद झालं. ड्रिल बंद पडलं, सक्शन बंद पडलं, खुर्चीवरचा दिवासुद्धा गेला. नियमच तसा होता. जुळ्याचं ऐकलं नाही की खुर्ची ऐकत नाही.

“झालं,” मोहसीन पुटपुटला. “वर्ष गेलं.”

“चिमटा दे,” जाई म्हणाली. “आणि दाढ उचकटायचा एलिव्हेटर. त्यांना वायर नसते.”

जागा बधिर करणारं लिग्नोकेन साध्या ड्रॉवरमध्येच पडलेलं होतं. त्याची पट्टी रुंद, म्हणून त्याला कुणी कुलूप लावलं नव्हतं. फक्त ते कुठं टोचायचं हे कळायला हवं. जिथं पू असतो तिथलं सगळं आंबट झालेलं असतं, आणि आंबट जागेत लिग्नोकेन नसेच्या आत शिरतच नाही, बाहेरच घुटमळत राहतं. म्हणून लांब जायचं. दाढेची नस जबड्याच्या हाडात जिथून शिरते, त्या तोंडाशी, जिथवर पू पोचलेला नाही, तिथं तिला गाठायचं. पण दोन बोटं उघडणाऱ्या तोंडात, अंधारात, ती जागा सापडणं म्हणजे कठीणच.

“माझ्या परवानगीशिवाय तुला ही दाढ काढता येणार नाही,” सर म्हणाले.

“मग द्या परवानगी.”

सर उठले. जाईला वाटलं आता बाहेर जाणार, शिपायाला बोलावणार. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बॅटरी लावली आणि गिरजाबाईच्या तोंडावर धरली.

“थोडं आणखी मागं,” ते म्हणाले. “हाड लागलं की थांब. आधी मागं ओढून बघ, रक्त येतंय का. आता सोड. हळू.”

थोड्या वेळानं जाईनं विचारलं, “मावशी, ओठ कसा वाटतोय?”

“कुनाचा ओठ?” गिरजाबाई म्हणाली. तेवढं पुरेसं होतं.

दाढ सहजासहजी आली नाही. जाईच्या मनगटाला कळ लागली, एकदा एलिव्हेटर निसटला, मोहसीननं दोन्ही हातांनी जबडा धरला. मग आतून कचकन आवाज आला, दाढ बाहेर आली आणि तिच्यामागं तो सगळा पू. गिरजाबाईनं मोठा श्वास सोडला. तिचा मिटलेला डोळा हळूच उघडला.

“दुखण्यावर काय द्यायचं?” मोहसीननं विचारलं. “कपाट तर बंद.”

“मावशी, दमा आहे? पोटात जळजळ?”

गिरजाबाईनं मान हलवली, नाही.

“आगीचा डोंब उठतोय तिच्या पोटात!” दारातून कौसाबाई. “राती उठून दूध पिती. सांगत न्हाई कुनाला.”

“मग आयबुप्रोफेन नको. पॅरासिटामॉल. पळ मोहसीन, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आण.”

मोहसीन पळाला. सर अजून बॅटरी धरूनच उभे होते. मग ते वळले, आणि वळले ते गिरजाबाईकडं नाही, कौसाबाईकडं.

“बाई,” त्यांनी विचारलं, “हिला कधी कुठल्या गोळीनं, इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या होत्या का? खाज? घसा आवळल्यासारखा? नीट आठवून सांगा. मला घाई नाही.”

कौसाबाईनं खरंच नीट आठवलं. “न्हाई साहेब. गांधी कवाच न्हाई.”

सरांनी मान हलवली आणि अँटिबायोटिकची चिठ्ठी स्वतःच्या हातानं लिहिली.

जाई हातमोजे काढत बाहेर हॉलमध्ये आली. हॉल भरलेला होता. बाकांवर, जमिनीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर बायका. गाल धरून बसलेल्या, पदर तोंडाला लावून बसलेल्या, डबे उघडून बसलेल्या. भिंतीवर त्या दोन दाढा हसत होत्या. पंखा सोडला तर फारसा आवाज नव्हता.

“मावश्यांनो!” जाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की डबे खाणारे हात थांबले. “एक विचारायचंय. कुणी रागावणार नाही, कुणाचं नाव लिहून घेणार नाही. शिबिरात ज्यांनी स्वतःची थुंकी दिली नाही, दुसरीनं दिली, त्यांनी हात वर करा.”

कुणी हललं नाही. एकीनं शेजारणीकडं बघितलं, शेजारणीनं छताकडं. रिसेप्शनवरचा माणूस उभा राहिला.

“चुकीच्या डोसानं जीव जाऊ शकतो,” जाई म्हणाली. “आत्ता आत एकीचा जाता जाता राहिला. तुम्हाला मिश्रीची लाज वाटते, मला कळतं. माझ्या आईलाही वाटते. पण त्या लाजेपायी मरू नका.”

तरी हात नाही.

मागून चपला वाजल्या. कौसाबाई जाईच्या शेजारी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “पारे! खाली काय बघायलीस? माझ्या थुंकीवर जगायलीस इतके दिवस, हात वर करायला काय झालं?”

हॉलमध्ये एकच हशा पिकला. आणि त्या हशात पारूबाईचा हात वर गेला. मग तिच्या मागचा. मग जिन्यावरचे दोन. मग माळेवाडीच्या नसलेल्या, दुसऱ्याच गावच्या बाया हसत-लाजत हात वर करायला लागल्या, कुणाची नणंद, कुणाची सून, कुणाची शेजारीण. रिसेप्शनवरचा माणूस फोन कानाला लावून बघतच राहिला. सर दारात उभे होते. त्यांच्या मोबाइलची बॅटरी अजून चालूच होती आणि ती बंद करायचं त्यांना भान नव्हतं.

स्पीकर खरखरला. “इंटर्न जाई टेकाळे, ताबडतोब कार्यालयात या. इंटर्न जाई टेकाळे.”

जाई आत गेली. कार्यालयात नाही, खुर्चीकडं. स्क्रीनवरची ती रेघ अजून लुकलुकत होती. ‘अवज्ञेचं कारण लिहा.’ तिनं एकच शब्द टाकला, ‘विचारलं’, आणि बटण दाबलं. तिसरी अवज्ञा तिच्या नावावर चढली.

मोहसीन पॅरासिटामॉलचं पाकीट घेऊन धापा टाकत परत आला. “अगं, तुला वर बोलावतायत.”

“ऐकलं. खुर्ची पूस, दुसरी बाई घेऊ.”

“इंटर्नच्या यादीतून तुझं नाव तर गेलं ना पण?”

“हात आहेत की.” तिनं नवे मोजे चढवले आणि दारातून हाक मारली, “पारूमावशी, या. बसा. मिश्री लावता का?”

“छ्या,” पारूबाई म्हणाली आणि पदरानं तोंड झाकलं.

जाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. “सांगा सावकाश,” ती म्हणाली. “माझ्याकडं आता अख्खं वर्ष आहे.”